गालिच्याच्या पोटातली लोकर

मी ज्या इमारतीत बसून कोड लिहिते, ती पूर्वी गालिच्यांची गिरणी होती. उत्तर इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्स गावात डीन क्लफ नावाचा दगडी इमारतींचा मोठा पसारा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्रॉसली कुटुंबाने इथे काम सुरू केलं आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत ही जगातल्या सगळ्यांत मोठ्या गालिचा-गिरण्यांपैकी एक झाली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. आता तिथे ऑफिसं, कलादालनं आणि महागडी कॉफी आहे.

गेल्या वर्षी मी आणि माझ्या नवऱ्याने याच गावात एक जुनं घर घेतलं. ओळीतलं, लाकडी फळ्यांच्या जमिनीचं. फळ्यांच्या फटींतून हिवाळ्यात गार वारा वर येतो, त्यामुळे गालिचा घालणं आलंच. सांगलीहून आईचं म्हणणं, "अगं, एवढे पैसे कशाला घालवतेस? एक चांगली सतरंजी टाक की." आईचं चुकत नाही. आमच्या घरी शहाबादी फरशी, ती रोज पुसायची आणि पाहुणे आले की त्यावर काहीतरी अंथरायचं. पाहुणे गेले की अंथरलेलं झटकून घडी करून ठेवायचं. सतरंजी, जाजम, गालिचा, हे शब्द आपल्याकडे बाहेरून आले आणि इथलेच झाले. फारसीत 'काली' म्हणजे मोठा गालिचा आणि 'कालीचा' म्हणजे त्याचं छोटं रूप. आपण छोट्याचंच नाव मोठ्यालाही दिलं. पण भिंतीपासून भिंतीपर्यंत खिळवून टाकलेला, वर्षानुवर्षं न उचलला जाणारा गालिचा ही वस्तू आपल्या अनुभवात जवळजवळ नाही, आणि तो चांगला की वाईट हे ओळखायचं कसं, याचं घरातून आलेलं शहाणपणही नाही.

दुकानदाराने दिलेल्या अंदाजपत्रकात दोन ओळी होत्या. एक गालिच्याची आणि दुसरी अंडरलेची, म्हणजे गालिच्याखाली घालायच्या मऊ थराची. तो म्हणाला, पैसे कमी पडत असतील तर गालिच्यात काटकसर करा, अंडरलेत नको. मग त्याने नमुन्याचा तुकडा उलटा करून दाखवला आणि मुडपून त्याची लव फाकवली. लव म्हणजे गालिच्याच्या वरच्या बाजूचे उभे धागे. मुडपल्यावर त्यांच्या मुळाशी असलेलं कापड जितकं जास्त दिसेल तितका गालिचा विरळ. इथल्या धंद्यात याला गालिचा 'दात विचकतो' अशा अर्थाचा शब्द आहे. तो मला फार आवडला. पण माझ्या डोक्यात बसली ती दुसरी ओळ. जी वस्तू कधीच दिसणार नाही, तिच्यावर गालिच्याचं आयुष्य अवलंबून असेल, तर ती गालिच्यातच का नाही? वेगळी का विकतात? याचं उत्तर शोधताना लक्षात आलं की माझ्या ऑफिसच्या भिंतींमध्ये जे घडलं, त्याचा या प्रश्नाशी बराच संबंध आहे.

सुरुवात गाठीच्या गालिच्यापासून करावी लागेल. मागावर उभे धागे ताणलेले असतात, तो ताणा. विणणारा दोन उभ्या धाग्यांभोवती लोकरीची एक गाठ मारतो, टोकं कापतो, पुढच्या दोन धाग्यांकडे जातो. एक ओळ झाली की आडवा धागा घालून पंजासारख्या अवजाराने ठोकून बसवतो. तो बाणा. असा गालिचा उलटा केला की सगळं उघडं पडतं: नक्षी मागेही तशीच दिसते आणि एका इंचात किती गाठी आहेत हे बोटाने मोजता येतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला अर्दबीलचा गालिचा या जातीतला सगळ्यांत प्रसिद्ध. त्याच्यावर विणलेलं साल हिजरी ९४६, म्हणजे इ.स. १५३९-४०. संग्रहालयाने तो १८९३ साली २,००० पौंडांना घेतला, आणि घ्यावा असं आग्रहाने सांगणाऱ्यांत विल्यम मॉरिस होता. लांबी साधारण साडेदहा मीटर, रुंदी सव्वापाच मीटरच्या वर, आणि चौरस इंचात सुमारे ३४० गाठी. गुणाकार केला तर हिशेब तीन कोटी गाठींच्या आसपास जातो. प्रत्येक गाठ कुणीतरी बोटांनी मारलेली आहे.

अर्थात जिथे मोजणी आहे तिथे फसवणूकही आहे. गाठ दोन उभ्या धाग्यांऐवजी चार धाग्यांवर मारली तर गाठींची संख्या निम्मी होते, लोकर निम्मी लागते आणि वेळही वाचतो. या गाठीला 'जुफ्ती' म्हणतात. जुफ्त म्हणजे जोडी. वरून गालिचा तसाच दिसतो, पण तो दाट नसतो आणि लवकर झिजतो. जाणकार गिऱ्हाईक म्हणून तर गालिचा आधी उलटा करत असे.

मोगलांच्या कारखान्यांतला एक हिशेब 'आईन-ए-अकबरी'त आहे आणि तो मला नक्षीच्या वर्णनांपेक्षा जास्त बोलका वाटतो. अबुल फजल सांगतो की वीस गजांहून लांब आणि सहा गजांहून रुंद असा एक नग बनवायला १,८१० रुपये खर्च आला आणि जाणकारांनी त्याची किंमत २,७१५ रुपये ठरवली. म्हणजे बरोबर दीडपट. बादशाही कारखान्यातही कुणीतरी बसून खर्च आणि बाजारभाव यांचा ताळा करत होतं. आणि 'जाणकारांनी' हा शब्द महत्त्वाचा, कारण ही किंमत वस्तू पाहून, हातात घेऊन ठरवलेली होती.

माझ्या पेशामुळे एका गोष्टीपाशी थांबल्याशिवाय राहवत नाही. काश्मिरी शालींचा युरोपातला बाजार १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला कोसळला, तेव्हा शालींचे अनेक विणकर गालिच्यांकडे वळले. श्रीनगर आणि अमृतसर ही त्यांची मोठी केंद्रं. त्यांनी सोबत आणली ती 'तालीम' नावाची लिपी. कागदाच्या लांब पट्टीवर खुणा असतात: अमुक रंगाच्या इतक्या गाठी, मग तमुक रंगाच्या इतक्या. विणणारा चित्र पाहतच नाही. तो ही खूण वाचतो किंवा कुणी वाचून दाखवतं ते ऐकतो आणि गाठी मारतो. सलग येणाऱ्या सारख्या गोष्टी एकेक न लिहिता 'किती वेळा' एवढंच लिहायचं, ही युक्ती आम्हाला कॉलेजात चित्रांच्या फाइली लहान करण्याची पद्धत म्हणून शिकवली होती. परीक्षेत सात गुणांना. तालीम वाचणाऱ्या विणकराला ती पोटापाण्यासाठी यायची.

युरोपात हे पूर्वेकडचे गालिचे आले, पण बराच काळ ते जमिनीवर पडले नाहीत. पायाखाली घालण्याइतके स्वस्त नव्हतेच. लंडनच्या गर्डलर्स कंपनी या व्यावसायिकांच्या संघाकडे रॉबर्ट बेलने दिलेला एक गालिचा आहे. हा बेल ईस्ट इंडिया कंपनीशी संबंधित होता. १६३०च्या दशकाच्या सुरुवातीला लाहोरला विणून घेतलेला हा गालिचा संघाच्या दिवाणखान्यात टेबलावर अंथरला जात असे. पायाखाली गालिचा हवा असेल तर तो इथेच, स्वस्तात, मागावर बनवावा लागणार होता. त्यातून अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये विल्टन, किडरमिन्स्टर, ॲक्समिन्स्टर ही गावं गालिच्यांसाठी ओळखली जाऊ लागली. ॲक्समिन्स्टरला थॉमस व्हिटीने १७५५ साली गाठीचाच गालिचा विणायला सुरुवात केली, आणि तो राजवाड्यांना परवडणारा राहिला. मध्यमवर्गाच्या घरात गेला तो 'ब्रसेल्स' नावाचा प्रकार.

ब्रसेल्स गालिच्याची रचना मी दोन-तीनदा कागदावर काढून पाहिली तेव्हा कळली. यात गाठ नाही. लोकरीचे रंगीत धागे ताण्यातच असतात, लांबीच्या दिशेने, आणि नक्षीला जिथे जो रंग हवा तिथे तो धागा उचलून त्याचा वर फासा काढायचा. समजा गालिचा पाच 'फ्रेम'चा आहे. म्हणजे प्रत्येक उभ्या रेघेत पाच रंगांचे पाच धागे आहेत. एका जागी लाल वर आला की उरलेले चार गालिच्याच्या आतून सरळ पुढे जातात. पुढे हिरवा वर येतो तेव्हा लाल आत जातो. याचा अर्थ, कुठल्याही क्षणी पाचातला एकच धागा डोळ्यांना दिसतो आणि चार गालिच्याच्या पोटात असतात. उत्तम, लांब धाग्याची, रंगवलेली लोकर, आणि ती कुणाला कधीच दिसणार नाही!

हिशेबाच्या वहीत ही शुद्ध उधळपट्टी आहे. पण पायाला ती कळते. पोटातले ते चार धागे गालिच्याला जाडी देतात, पाऊल पडलं की दाब झेलतात, वरच्या लवेचं मूळ घट्ट धरून ठेवतात. विल्टन हा याचाच भाऊ, फक्त वरचे फासे कापून मखमलीसारखे केलेले. जुने लोक गालिचा विकत घेताना 'किती फ्रेमचा?' असं विचारत, आणि पाच फ्रेमचा गालिचा पिढ्या टिकतो असं मानलं जाई. माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. त्या गालिच्याच्या पोटात त्याचा स्वतःचा अंडरले होता.

ही उधळपट्टी काढून टाकण्याची कल्पना एडिंबरोच्या रिचर्ड व्हायटॉकला सुचली. १८३२ची गोष्ट. त्याने म्हटलं, पाच रंगांचे पाच धागे ठेवण्याऐवजी एकच धागा ठेवू आणि त्याच्यावर जिथे जो रंग हवा तो विणण्याआधीच छापून टाकू. मोठ्या पिंपावर धागा गुंडाळायचा, त्यावर पट्ट्यापट्ट्यांनी रंग लावायचा, आणि विणताना फासे पडून धागा आखडतो हे धरून नक्षी आधीच लांबट ताणून छापायची. विणल्यावर ती बरोबर आकाराला येते. काय डोकं लढवलं असेल! याला 'टॅपेस्ट्री' गालिचा म्हणू लागले. हवे तितके रंग, आणि महागडी लोकर कितीतरी कमी. नक्षीच्या कडा किंचित पुसट येत, कारण रंग धाग्यावर थोडा पसरतो. पण किंमत अशी की ज्यांच्या घरात पूर्वी गालिचा येऊच शकत नव्हता, त्यांच्या घरी तो आला. या पद्धतीचे हक्क मिळवून ती मोठ्या प्रमाणावर चालवली ती हॅलिफॅक्सच्या क्रॉसलींनी.

दुसरी वस्तू त्यांनी अमेरिकेतून आणली. मॅसॅच्युसेट्समधल्या इरास्टस बिगेलोने गालिच्याचा यंत्रमाग बनवला होता. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमधल्या काचेच्या महालात जे मोठं प्रदर्शन भरलं, त्यात त्याच्या यंत्रावर विणलेले गालिचे मांडले होते. क्रॉसलींनी त्याचे ब्रिटनसाठीचे हक्क विकत घेतले. वाफेवरचे माग आणि छापलेला धागा एकत्र आले आणि डीन क्लफच्या इमारतींवर इमारती चढत गेल्या. या पैशातून फ्रान्सिस क्रॉसलीने गावाला १८५७ साली एक सार्वजनिक बाग दिली. ती आखली त्या काचेच्या महालाच्याच वास्तुकाराने, जोसेफ पॅक्स्टनने. १८६४ साली कंपनी झाली तेव्हा कामगारांनाही भाग देऊ केले. मी दुपारी त्या बागेत डबा खाते. क्रॉसलींना खलनायक करण्याची मला गरज वाटत नाही. त्यांनी लाखो लोकांच्या पायांखालची थंडी कमी केली. पण गालिचा पातळ झाला, आणि त्याची पाठ पाहून प्रत ओळखण्याचं जुनं कसब निकामी होऊ लागलं, हेही तितकंच खरं.

त्याच प्रदर्शनात हिंदुस्थानातले हाताने विणलेले गालिचेही होते, आणि त्यांचं खूप कौतुक झालं. कौतुकाबरोबर मागणी आली, मागणीबरोबर दर पाडण्याची घाई, आणि इथून गोष्ट आपल्याकडच्या तुरुंगांत शिरते. ठगांचा बंदोबस्त झाल्यावर जबलपूरला माफीच्या साक्षीदार ठगांना तंबू आणि गालिचे विणायला बसवलं गेलं होतंच. पुढे आग्रा, लाहोर, पुण्याचं येरवडा अशा अनेक तुरुंगांत गालिच्यांचे माग उभे राहिले. कैद्याला बाजारभावाने मजुरी द्यावी लागत नाही. कंत्राटदाराने दिलेली नक्षी आणि रंग तो निमूट विणतो. जॉर्ज बर्डवुडने १८८० साली हिंदी कलाकुसरीवरच्या आपल्या पुस्तकात या तुरुंगी गालिच्यांवर कडक टीका केली. तुरुंगाच्या स्पर्धेत वंशपरंपरेचा विणकर मरतो आणि नक्षीही बिघडते, असा त्याचा रोख होता. बर्डवुडला आपल्या 'अस्सल' पूर्वेचं जरा जास्तच प्रेम होतं, त्यामुळे त्याचं सगळंच मी मानत नाही. पण मजुरीचा मुद्दा बिनतोड आहे.

विंडसर राजवाड्याच्या वॉटर्लू चेंबरमध्ये अंथरलेला प्रचंड गालिचा आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणला, राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त. एकसंध, कुठेही जोड नसलेला, वजन सुमारे दोन टन. १९९२ साली राजवाड्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून बाहेर काढायला पन्नास सैनिक लागले, असं सांगतात. त्याची पाठ पाहिली तर गाठी मोजता येतील. त्या कुणी मारल्या, कोणत्या शिक्षेत, हे पाठीवरून कळणार नाही.

रंगांचंही याच काळात बिनसलं. पर्किनने १८५६ साली कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग काढला आणि पाठोपाठ ॲनिलिनचे स्वस्त, भडक रंग जगभर गेले. सुरुवातीचे हे रंग उन्हात उडत आणि पाण्यात उतरत. इराणात तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाहांनी त्यांच्यावर बंदी घातली, कारण देशाच्या गालिच्यांची अब्रूच जायची वेळ आली होती. गिऱ्हाइकांनी यावर आपला उपाय काढला: पांढरा रुमाल ओला करून गालिच्यावर घासायचा. रुमालाला रंग लागला तर दुकानातून बाहेर. ही परीक्षा आजही चालते. जुन्या दुकानदारांना मात्र ती फारशी आवडत नाही.

आता परत त्या न दिसणाऱ्या थराकडे. गालिच्याखाली काहीतरी घालावं हे लोकांना फार आधी कळलं होतं. एकोणिसाव्या शतकात गवताच्या चटया किंवा जाड कागद घालत. गालिचा फळ्यांवर थेट पडला की फळीच्या प्रत्येक कडेवर त्याची झीज होते, आणि वरून आलेली बारीक वाळू त्याच्या मुळाशी बसून धागे आतून कापत राहते. गालिचा बाहेरून नाही, आतून झिजतो. खाली मऊ थर असला तर पाऊल पडल्यावर धागा वाळूवर चिरडला जाण्याऐवजी थोडा खाली दबतो आणि परत येतो. मग केसांचा आणि तागाचा जमवलेला थर आला, म्हणजे न विणता, दाबून आणि कुटून केलेला. आपल्याकडचा बुरणूस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल.

तरीही गालिचा कायमचा खिळवून ठेवणं धोक्याचं होतं, कारण तो वर्षातून एकदा तरी उचलून, अंगणात दोरीवर टाकून बडवावा लागे. दिवाळीआधी आपल्याकडे गाद्या बडवतात तसं. ही अडचण संपली ह्यूबर्ट सेसिल बूथच्या यंत्रामुळे. १९०१ साली त्याने धूळ ओढून घेणारं यंत्र बनवलं, घोडागाडीवर ठेवलेलं, खिडकीतून लांब नळ्या आत सोडणारं. पुढच्याच वर्षी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्याने साफ केले. काही दशकांत यंत्र लहान होऊन घरोघरी गेलं, आणि गालिचा एकदा घातला की घातला, असं होऊ शकलं.

मग जॉर्जियातलं डाल्टन. १८९५ साली तिथल्या पंधरा वर्षांच्या कॅथरीन इव्हान्सने लग्नाच्या अहेरासाठी एक पलंगपोस केला. कापडात सुईने जाड सुती धागा ओवायचा, वरची टोकं कापायची आणि सगळं कढत पाण्यात घालायचं. कापड आटतं, धागा आवळला जातो आणि फुलासारखा फुगतो. १९०० साली तिने असा पलंगपोस अडीच डॉलरला विकला. पाहता पाहता शेजारच्या बायका ते करू लागल्या, रस्त्याच्या कडेला दोऱ्यांवर पलंगपोस वाळत आणि विकायला लटकू लागले. पुढे शिलाईयंत्रांत बदल करून एकाच वेळी अनेक सुया चालवणारी यंत्रं निघाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती खोलीभर रुंद झाली. पलंगपोसाचा गालिचा झाला. आज जगात विकले जाणारे बहुतेक यंत्रावरचे गालिचे याच पद्धतीचे, 'टफ्टेड'.

यात विणणं उरलेलंच नाही. तयार कापडात सुया धागा खुपसतात, आणि तो निसटू नये म्हणून मागून लेटेक्सचा लेप देऊन वर दुसरं कापड चिकटवतात. कॅथरीनचा धागा कापड आटल्यामुळे धरला जाई; इथे तो गोंदाने धरलेला असतो. पोटात लोकर नाही, गाठ नाही. उलटं करून पाहिलं तर दिसतं ते दुसरंच कापड, ज्याच्याआड सगळं झाकलेलं आहे. ते कापड सुरुवातीला तागाचं होतं, आणि ताग बंगालचा. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या नव्या घरांमध्ये गालिचा घातला जाई तेव्हा त्याच्या पाठीवर अनेकदा कलकत्त्याच्या गिरणीचं कापड असे. त्यासाठी तिकडच्या गिरण्यांनी मुद्दाम रुंद माग बसवले. आणि तेवढ्यात पॉलिप्रॉपिलीन आलं. ते सडत नाही, ओलं झाल्यावर आकसत नाही, त्याचा भाव पावसावर आणि युद्धावर ठरत नाही. काही वर्षांत तागाची ती बाजारपेठ गेली. तागगिरण्यांच्या पडझडीची कारणं आपल्याकडे संप आणि व्यवस्थापन यांत शोधतात. जॉर्जियातल्या बैठकीच्या खोल्यांकडेही पाहायला हवं.

डाल्टनचा दुसरा हिशेब आता चुकता होतो आहे. डाग पडू नयेत म्हणून गालिच्यांवर जी रसायनं मारली, ती विघटित न होता तिथल्या नद्यांत उतरली आणि खालच्या गावांचं पिण्याचं पाणी बिघडलं. गेली काही वर्षं त्यावर खटले चालू आहेत.

तर अंडरलेची वेगळी ओळ अशी आली. ब्रसेल्सच्या पोटातली लोकर आधी व्हायटॉकने काढली, नंतर डाल्टनने पोटच काढलं. आणि त्या जागी काहीतरी हवं म्हणून ते वेगळं, स्वस्त मालाचं बनवून परत विकायला आलं. आज इथे मिळणारा अंडरले बहुधा दोन गोष्टींचा असतो: जुन्या टायरांचा भुगा, किंवा सोफ्यांच्या कारखान्यातली फोमची कात्रणं एकत्र दाबून केलेला रंगीबेरंगी थर. मी हे कुरकुर म्हणून सांगत नाही. टायरांचा भुगा जिन्यासाठी उत्तम असतो, असं माझं मत झालं आहे.

जाता जाता, खरेदीचं. जाड अंडरले म्हणजे चांगला, हा समज सोडावा. बोटांच्या चिमटीत दाबून दोन्ही बोटं एकमेकांना लागली, तर तो जिन्यावर वर्षभरात बसेल. झोपायच्या खोलीत मऊ फोम चालतो. जिना आणि पॅसेजमध्ये पातळ पण दाट रबर हवा. ॲक्समिन्स्टर किंवा विल्टनसारख्या विणलेल्या गालिच्याखाली घट्ट थर लागतो, फार मऊ घातला तर गालिचा ताणून बसत नाही. उबेसाठी 'टॉग' हा आकडा पाहायचा. हे माप मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूट या कापड-संशोधन संस्थेने १९४०च्या दशकात बनवलं, कपड्यांसाठी. पुढे ते रजयांना आणि अंडरलेला लागलं. चांगल्या फोमचा आकडा २ ते ३ च्या दरम्यान असतो. जमिनीखालून तापवणाऱ्या नळ्या असतील तर गालिचा आणि अंडरले मिळून अडीचच्या वर जाऊ नये, नाहीतर उष्णता खालीच अडकते. गालिचा ऐंशी टक्के लोकर आणि वीस टक्के नायलॉन असा घ्यावा, लांब लवेपेक्षा दाट लव पाहावी, आणि तुकडा मुडपून तो किती दात विचकतो ते बघावं. आम्ही तसा घेतला. आईला फोटो पाठवला तर तिने विचारलं, "पुसणार कसं?"

हाताने विणलेल्या गालिच्यांचं काय, हे विचारणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. भदोही-मिर्झापूरच्या पट्ट्यात आजही गाठी मारल्या जातात. १९८०च्या दशकात तिथल्या मागांवर मोठ्या संख्येने लहान मुलं काम करत होती, अनेक कर्जापोटी बांधलेली. कैलाश सत्यार्थींनी तिथून मुलं सोडवायला सुरुवात केली आणि लक्षात आलं की एका मागावरून मूल सोडवलं तर दुसऱ्यावर दुसरं येतं. गालिचा विकत घेणारा जर्मनीत किंवा अमेरिकेत. तो उलटा करून गाठी मोजत होता, आणि गाठ दहा वर्षांच्या बोटांनी मारली की चाळीस वर्षांच्या, हे त्यातून दिसत नाही. म्हणून १९९४ साली 'रगमार्क' सुरू झालं, ज्याला आता 'गुडविव्ह' म्हणतात. मागांची अचानक तपासणी करायची, आणि जिथे मुलं नाहीत तिथल्या गालिच्यांना क्रमांक असलेलं लेबल द्यायचं. क्रमांकावरून गालिचा कुठे विणला ते शोधता येतं. तपासणी किती ठिकाणी पोचते, घराघरांत विखुरलेल्या मागांवर तिची पकड किती, यावर वाद आहेत आणि ते असायला हवेत. ते लेबल गालिच्याच्या मागच्या बाजूला लावतात, जिथे पूर्वी लोक गाठी मोजायचे.